चढ की चिखल? जड शटरची तपासणी

आषाढ-श्रावणात लाकडी दार चौकटीत अडू लागले तर कोणी नवल करत नाही. लाकूड हवेतला ओलावा पिते, फुगते आणि दिवाळीनंतर वाळून पुन्हा मूळ मापावर येते. म्हणून जाणता सुतार पावसात दाराला रंधा मारत नाही. भर पावसात तासलेले दार उन्हाळ्यात चौकटीत खुळखुळते. पण गाडी ठेवायच्या खोलीला हल्ली लाकडी दार क्वचितच असते. तिथे दुकानाला असते तसे लोखंडी शटर असते. लोखंड पाणी पीत नाही, ओलाव्याने फुगत नाही. तरीही मे महिन्यात एका हाताने वर जाणारे शटर जुलैत दोन माणसांना दाद देत नाही, आणि घराघरांतून एकच निदान ऐकू येते: ‘पावसाने जड झाले.’ कारवारहून जोयड्याकडे चढणाऱ्या घाटातल्या अणशीसारख्या गावात तर हे निदान सहज पटते. जून ते सप्टेंबर धो धो पाऊस आणि भोवती १९८७ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालेले, आज काळी व्याघ्र प्रकल्पात असलेले दाट जंगल. झाडांच्या सावलीतली भिंत पावसाने उघडीप दिली तरी दिवसेंदिवस वाळत नाही.

हे निदान अर्धे खरे आहे, आणि त्यातल्या खोट्या अर्ध्यामुळेच दुरुस्ती चुकते. आधी हिशेब करून पाहू. गाडीच्या खोलीचे शटर ३ मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच धरले तर क्षेत्रफळ ७.२ चौरस मीटर होते. सरकारी बांधकामांच्या दरपत्रकात शटरच्या पट्टीची जाडी सव्वा मिलिमीटर दिलेली असते. तेवढ्या जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन चौरस मीटरला जवळजवळ १० किलो भरते. म्हणजे नुसता पत्रा ७० किलोचा. पट्ट्यांच्या वळवलेल्या कडा आणि खालची जाड तळपट्टी धरली की आकडा ९० किलोच्या आसपास जातो. आता पाऊस त्यात किती भर घालील? एका बाजूवर पाण्याचा दशांश मिलिमीटर जाडीचा थर धरून राहिला तरी त्याचे वजन पाऊण किलोच्या आत. नव्वदात पाऊण किलो हाताला जाणवतही नाही. बरे, हवामानाने लोखंड वाढले म्हणावे, तर पावसाळ्यात हवा थंड होते आणि लोखंड आकसते. तीन मीटरची पट्टी पंधरा अंशांच्या फरकाने अर्धा मिलिमीटर आखूड होते. म्हणजे चॅनेलमध्ये, पट्ट्या ज्यात सरकतात त्या बाजूच्या उभ्या खोबणीत, तिला उलट जास्तच जागा मिळायला हवी. पाण्याचे वजन आणि लोखंडाचे फुगणे हे दोन्ही आरोप असे गळून पडतात.

मग जड होते ते काय? शटरबद्दलच्या बहुतेक चुका या एका शब्दापाशी होतात. ‘जड’ हा शब्द आपण दोन अगदी वेगळ्या त्रासांसाठी वापरतो. सायकल घाटाच्या चढावर जड जाते आणि चिखलातही जड जाते. पाय दोन्हीकडे सारखेच भरून येतात. फरक कळतो तो परतताना. चढ उतरताना सायकल स्वतःच धावते, ब्रेक लावावा लागतो. चिखलातून परततानाही तेवढेच पायडल मारावे लागते. शटरचेही तसेच आहे. त्याचा तोल बिघडला असेल तर तो चढ. चॅनेलमध्ये घासत असेल तर तो चिखल. पाऊस चिखल वाढवतो, चढाला मात्र त्याचा दोष नाही. दोघांचा इलाज वेगळा आहे आणि इलाज करणारा माणूसही वेगळा आहे. चिखल घरच्यांनी साफ करावा, चढ मिस्त्रीने काढावा. हे न ओळखता तेल ओतले तर तेल वाया जाते, आणि न ओळखता पाना उचलला तर हात जातो.

लाटेचा दगड

नव्वद किलोचा पत्रा घरातले कोणीही वर ढकलू शकते, हेच मुळात आश्चर्य आहे. त्याचे उत्तर कोकण-कानडा पट्ट्यातल्या जुन्या विहिरींवर सापडते. तिथे पाणी काढायची लाट असे: एक लांब वासा मधोमध टेकवलेला, एका टोकाला दोर आणि बादली, दुसऱ्या टोकाला बांधलेला दगड. भरलेली बादली वर येताना माणूस तिचे सगळे वजन उचलत नाही. दगड खाली जातो आणि बादलीला वर घेतो. माणसाने फक्त दोघांमधला फरक पेलायचा. शटरच्या डोक्यावर, पत्र्याच्या खोक्यात, असाच एक दगड लपलेला असतो. तो म्हणजे स्प्रिंग.

साधा दगड मात्र इथे चालला नसता. बादलीचे वजन विहिरीत कुठेही तेवढेच असते. शटरचे तसे नाही. शटर पूर्ण वर असते तेव्हा सगळा पत्रा वरच्या पाईपभोवती गुंडाळलेला असतो, लटकत काहीच नसते. ते अर्ध्यावर आले की अर्धे वजन लटकते, जमिनीला टेकायच्या बेतात असताना सगळे. म्हणजे जसजसे शटर खाली येईल तसतसा जड होत जाणारा दगड हवा. स्प्रिंगचा स्वभाव नेमका असा आहे. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली तो नियम मांडला: स्प्रिंग जितकी ताणावी तितक्याच प्रमाणात ती उलट ओढते. पिळायच्या स्प्रिंगलाही तोच नियम. दुप्पट फेरे दिले तर दुप्पट जोर. हाताने चालवायच्या शटरमध्ये वरचा पाईप दोन्ही टोकांच्या ब्रॅकेटवर घट्ट बसवलेला असतो, तो फिरत नाही. फिरतात त्या पाईपवरच्या पुल्या, आणि पत्रा त्यांनाच जोडलेला असतो. स्प्रिंगचे एक टोक स्थिर पाईपला, दुसरे फिरत्या पुलीला. शटर खाली ओढले की पुली फिरते आणि स्प्रिंगला चावी बसते, जशी खेळण्यातल्या मोटारीला आपण देतो. खोलीच्या शटरला वरपासून खालपर्यंत साधारण तीन-चार फेरे होतात. शटर बसवतानाच मिस्त्री स्प्रिंगला काही फेरे आधी देऊन ठेवतो, म्हणजे अगदी वरच्या टोकालाही ती पत्र्याला घट्ट धरून राहते.

एक बारकावा इथे सांगायला हवा, कारण त्यावरून पुढे गैरसमज होतात. शटर गुंडाळलेले असते तेव्हा गुंडाळी जाड असते आणि उलगडत गेले की बारीक होते. जाड गुंडाळीवरून लटकणारे वजन पाईपपासून दूर असते, म्हणून पाईपला जास्त पीळ देते. बारीक गुंडाळीवरून कमी. त्यामुळे वजन आणि स्प्रिंग यांची जोडी संपूर्ण प्रवासात तंतोतंत जुळत नाही. चांगले बसवलेले शटरही कुठे किंचित वर जाऊ पाहते, कुठे किंचित खाली. तो दोष नाही. घर्षण थोडे असते, ते हा फरक पचवते. शटर कंबरेच्या उंचीवर सोडले आणि तिथेच थांबले, तर त्याचा तोल ठीक आहे असे समजावे.

दोन्ही दिशांना ओढून पाहा

आता चढ आणि चिखल वेगळे करायची रीत. शटर अर्ध्यावर आणा, वर ढकलून पाहा, मग खाली ओढून पाहा. दोन्हीकडे सारखेच जड असेल तर ते घासते आहे. वर जाताना जड आणि खाली येताना हातातून सुटू पाहत असेल, तर स्प्रिंग कमी पडते आहे. उलट, खाली ओढायला जड आणि सोडताच वर धावत असेल तर स्प्रिंगला फेरे जास्त दिलेले आहेत. नवे शटर बसवल्यावर किंवा खराब पट्ट्या काढून टाकल्यावर असे होते. नुसत्या हाताच्या अंदाजावर विश्वास नसेल तर प्रवासाची बॅग तोलायचा हुकाचा काटा पुरतो. समजा काट्याने वर उचलायला १८ किलो लागले आणि खाली ओढायला १४. दोन्हींची बेरीज करून निम्मे केले की घर्षण मिळते, १६ किलो. वजाबाकी करून निम्मे केले की तोलातला फरक मिळतो, फक्त २ किलो. हे शटर चिखलात आहे. दुसऱ्या घरी वर न्यायला २० किलो लागले आणि खाली येताना ते स्वतःच सुटू पाहते, धरून ठेवायलाच १२ किलोचा जोर लागतो. इथे तोलातला फरक १६ किलो आणि घर्षण फक्त ४. हे शटर चढावर आहे. याच्या चॅनेलमध्ये कितीही तेल घातले तरी हाताला फरक पडणार नाही.

यावर कोणी म्हणेल, उन्हाळ्यात तर ठीक चालत होते, मग तोल पावसातच कसा बिघडला? बहुधा तो आधीच बिघडलेला असतो. स्प्रिंग हळूहळू थकते. दर महिन्याला थोडी. आपला हात त्या वाढत्या वजनाला नकळत सरावतो. मग पाऊस येतो, घर्षण वाढते, आणि दोन्हींची बेरीज एक दिवस हाताच्या आवाक्याबाहेर जाते. दोष बेरजेतल्या शेवटच्या आकड्यावर टाकला जातो. म्हणून ही परीक्षा पावसात करण्यापेक्षा मे महिन्यात, शटर कोरडे आणि चॅनेल स्वच्छ असताना करणे जास्त उपयोगाचे. तेव्हा घर्षण सगळ्यात कमी असते आणि स्प्रिंगचा खरा चेहरा दिसतो.

चौकट: हात लावण्यापूर्वी
दोन्ही बाजूंचे अडसर आणि मधले कुलूप खरेच उघडले आहे का, ते आधी डोळ्यांनी पाहा. एका बाजूचा अडसर राहून गेला आणि जोर लावला की तळपट्टी वाकते. खोक्यातून मोठा ‘फट्’ असा आवाज आला असेल आणि त्यानंतर शटर एकदम जड झाले असेल, तर स्प्रिंग तुटली आहे. कोणतीही परीक्षा न करता तिथेच थांबा. शटर अर्ध्यावर असताना त्याच्या खाली उभे राहू नका, पाय बाहेर ठेवा, लहान मुलांना दूर करा. शटरला हात लावताच मुंग्या आल्यासारखे वाटले तर हात काढा, पुन्हा लावू नका. मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. चॅनेलला चिकटून नेलेली दिव्याची वायर पावसात सोलली की अख्खे शटर विजेचे होते. ओल्या हवेच्या गावात लोखंडी शटरजवळच्या जोडणीला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारे यंत्र असायलाच हवे.

चिखल कुठे साठतो

घर्षण आहे असे ठरले तर पुढचा प्रश्न, ते कुठे आहे. शटर उघडताना-मिटताना कान आणि हात दोन्ही लावले तर उत्तर मिळते. शटर खाली येताना वरचा भाग मोकळा आहे, पण एका ठराविक उंचीपासून खाली सतत खरखरते, असे असेल तर चॅनेल त्या उंचीवर पिचले आहे. तळपट्टी तिथे पोचली की घासायला लागते आणि मागून येणारी प्रत्येक पट्टी तिथेच घासते. गाडी मागे घेताना बंपर लागून चॅनेल असे दबते. याउलट एकाच जागी एक झटका बसतो आणि पुढे पुन्हा मोकळे होते, असे असेल तर दोष पट्टीचा. वाकलेली पट्टी गुंडाळीतून चॅनेलच्या तोंडात शिरताना अडते. तिसरा प्रकार, शटर तिरके चालते. त्याचे एक कारण पुलीतली एखादी स्प्रिंग कमकुवत होणे, आणि ते आपल्या हातातले नाही. दुसरे कारण मात्र साधे आहे. पट्ट्या एकमेकींच्या घडीत अडकवलेल्या असतात आणि त्या आडव्या सरकू नयेत म्हणून टोकांना क्लिप रिव्हेट केलेल्या असतात. क्लिप गंजून पडली की पट्टी घडीतून बोट-दोन बोट बाहेर सरकते आणि चॅनेलच्या तळाशी खरडत जाते. शटर जमिनीला टेकवून, बाहेर आलेल्या टोकावर लाकडाचा तुकडा ठेवून मोगरीने हलके ठोकले की ती जागेवर येते. नवी क्लिप बसली नाही तर मात्र महिन्याभरात पुन्हा सरकते.

पण सगळ्यात जास्त घर्षण करते ती माती आणि गंज. घाटातल्या रस्त्यांवर जांभ्याची तांबडी धूळ असते. पावसाच्या पहिल्या सरींनी ती उडून चॅनेलच्या पायथ्याशी बसते आणि तिचा लगदा होतो. त्याच्या जोडीला पालापाचोळा, कुंभारीण माशीची मातीची घरे, कोळ्यांची जाळी. गंजाची गोष्ट याहून खोल आहे. लोखंड ओलाव्याने फुगत नाही हे खरे, पण लोखंडाचा गंज फुगतो. ज्या लोखंडापासून तो होतो त्याच्या दुपटीहून जास्त जागा तो घेतो. आणि तो होतो कुठे? शटरच्या पट्ट्या जिथे एकमेकींत अडकतात त्या घडीत. ती फट इतकी बारीक असते की पाणी तिच्यात दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे चढते आणि बाहेर येत नाही. पट्टीचा उघडा भाग दुपारच्या उन्हाने वाळतो, घडी ओलीच राहते. तिथे गंज धरला की तो बाहेर दिसायच्या आधीच घडीला आवळतो, पट्ट्या एकमेकींवर वळेनाशा होतात आणि शटर गुंडाळीवर बसताना अडते. पट्टीवर जस्ताचा मुलामा असेल तर जस्त आधी झिजते आणि लोखंडाला वाचवते. पण जिथे पट्टी चॅनेलला रोज घासते तिथला मुलामा सगळ्यात आधी उडतो. लाकडी दाराशी केलेली तुलना एका अर्थाने खरी ठरते. फुगणे इथेही आहे, फक्त ते दिवाळीनंतर ओसरत नाही.

म्हणूनच पावसाळ्यात शटर चार महिने बंद ठेवणे हा त्याला जपण्याचा मार्ग नव्हे. न हललेल्या घडीत गंज शांतपणे जमतो. गाडी बाहेर काढायची नसली तरी उघडीप असेल त्या दिवशी शटर एकदा पूर्ण वर-खाली केले तर घड्या हलतात, पाणी निथळते, हवा लागते.

तेल ओतावे का?

चॅनेल स्वच्छ करायला लागणारे सामान घरात असते. शटर खाली करून आधी चॅनेलच्या आतली कोरडी माती तारेच्या ब्रशने सुटी करावी, मग जुन्या कापडाने पुसावे. चिकट थर रॉकेलमध्ये भिजवलेल्या कापडाने निघतो. आग जवळ नको आणि खोलीत हवा खेळती हवी. पायथ्याशी पाणी साठत असेल तर त्याला बाहेर वाट करून द्यावी, कारण चॅनेलचा खालचा वीतभर भागच सगळ्यात आधी कुजतो. पिचलेल्या जागी चॅनेलच्या आत लाकडाची पट्टी धरून बाहेरून मोगरीने हळूहळू सरळ करता येते. इथवर सगळे मान्य होते. वाद सुरू होतो तो यापुढे.

गाडीचे जळके ऑइल चॅनेलमध्ये ओतणे ही सगळीकडची रीत आहे, आणि ती चुकीची का वाटत नाही हेही समजण्यासारखे आहे: ओतल्या दिवशी शटर खरेच लोण्यासारखे चालते. पण तेल उघड्या जागी असले की धूळ धरते. जांभ्याच्या धुळीत बारीक, कठीण कण असतात. तेलात मिसळून त्यांचा पॉलिश पेपरसारखा लगदा होतो आणि तो जस्ताचा मुलामा रोज खरवडतो. दोन आठवड्यांनी शटर पुन्हा जड होते, पुन्हा तेल ओतले जाते, पुन्हा धूळ. खोबरेल तेलाची आणखी एक अडचण आहे. ते २४ अंशांच्या खाली गोठू लागते, आणि घाटातल्या थंडीच्या पहाटे पारा त्याच्या बराच खाली असतो. गंज सोडवायचा फवारा गंज सोडवण्यापुरताच चांगला. त्याचा वंगणपणा लवकर उडतो. चॅनेलला हवे ते कोरडे वंगण. साधी पांढरी मेणबत्ती चॅनेलच्या आतल्या दोन्ही कडांवर आणि पट्ट्यांच्या टोकांवर घासली की पातळ मेणाचा थर बसतो, तो धूळ धरत नाही. सिलिकॉनचा फवारा मिळाला तर तोही चालतो. तेलाला जागा आहे ती पट्ट्यांच्या घडीत, तीही गंज सोडवून झाल्यावर आणि एखाद-दुसरा थेंब.

रंगाबद्दलही असेच. दरवर्षी शटर रंगवले की गंज थांबेल असे वाटते, पण ब्रश घडीत पोचत नाही. उलट, रंगाचा जाड थर घडीच्या तोंडावर साचतो, ओलावा आत कोंडतो आणि शटर गुंडाळताना कडक होते. रंग द्यावा तो पातळ, शटर पूर्ण वाळल्यावर, आणि दिल्यावर ते अर्धे सुकले की दोन-तीनदा वर-खाली करावे, म्हणजे घड्या चिकटत नाहीत.

ओळंबा काय सांगतो

कधी चॅनेल स्वच्छ असते, पट्ट्या सरळ असतात, तरी शटर अडते. अशा वेळी दोष शटरात नसून भिंतीत असतो. जांभ्याची भिंत थंड राहते, सुंदर दिसते, पण जांभा मऊ आणि सच्छिद्र दगड आहे. त्यात थेट ठोकलेला बोल्ट शटरच्या रोजच्या हादऱ्याने भोवतालचा दगड कुरतडतो आणि पावसात भिजलेला दगड आणखी ढिला होतो. ब्रॅकेट दोन-तीन मिलिमीटर खाली बसले तरी पाईप तिरका होतो आणि पत्रा एका बाजूच्या चॅनेलवर रेलतो. हे पाहायला गवंड्याचा ओळंबा पुरतो. दोन्ही चॅनेलांवर वरून ओळंबा सोडून वर, मध्ये आणि खाली अंतर पाहावे. मग दोन्ही चॅनेलांमधली रुंदी तीनही उंचींवर टेपने मोजावी. खाली रुंदी कमी असेल तर पाया किंवा लादी सरकली आहे. वर कमी असेल तर ब्रॅकेट. बोल्ट नुसता आवळून उपयोग होत नाही, तो पुन्हा तेवढाच ढिला होतो. जांभ्यात त्या जागी चौकोनी खाच घेऊन काँक्रीट भरावे आणि बोल्ट त्या काँक्रीटमध्ये बसवावा. हे गवंड्याचे काम आहे आणि ते पाऊस संपल्यावरच करावे.

स्प्रिंगला हात का लावू नये

आता चढाकडे. स्प्रिंगला फेरे द्यायचे काम पाहायला सोपे असते: मिस्त्री पाईपला मोठा पाना लावतो, फिरवतो, अडकवतो, झाले. मोबाइलवर असे पुष्कळ व्हिडिओ आहेत. मग घरच्या हुशार माणसाने ते का करू नये? कारण त्या स्प्रिंगमध्ये साठवलेली ऊर्जा डोळ्यांना दिसत नाही. नव्वद किलोच्या पत्र्याला सरासरी १.२ मीटर वर उचलायला जेवढी ऊर्जा लागते, जवळजवळ तेवढी खाली आलेल्या शटरच्या स्प्रिंगांमध्ये असते. ती १,००० ज्यूलच्या वर जाते. सिमेंटचे पन्नास किलोचे पोते सात फुटांवरून सोडले तर जमिनीवर आदळताना जेवढा दणका असतो, तेवढा. पाना निसटला तर यातला मोठा वाटा त्याच्या दांड्यातून क्षणात बाहेर येतो. शटर पूर्ण वर असले तरी आधी दिलेले फेरे स्प्रिंगमध्ये शिल्लकच असतात. मिस्त्री शिडीवर कुठे उभा राहायचा, पाना कोणत्या बाजूने धरायचा, जोडीदाराने पाईप केव्हा अडकवायचा, हे सगळे सवयीने करतो. ती सवय व्हिडिओत दिसत नाही.

स्प्रिंग थकण्याचेही गणित आहे. दर वेळी ती पिळली आणि सुटली की पोलादात सूक्ष्म पातळीवर ताण येतो-जातो. हजारो वेळा असे झाले की कुठे तरी बारीक भेग पडते. अमेरिकेत घराच्या गॅरेजला चार-पाच फळ्यांचा, छताला समांतर सरकणारा दरवाजा असतो. पण त्याचा तोल सांभाळणारी पिळाची स्प्रिंग याच तत्त्वावर चालते, आणि तिचे आयुष्य साधारण १०,००० वेळा उघडमीट असे धरले जाते. दिवसातून चार वेळा दार वापरले तर ती सात वर्षे पुरते. आपल्याकडच्या स्प्रिंगवर असा आकडा बहुधा लिहिलेला नसतो, पण पोलादाचा स्वभाव तोच. त्यात घाटातला ओलावा: स्प्रिंगवर गंजाचा एक खड्डा पडला की भेग तिथूनच सुरू होते. म्हणून वरच्या खोक्याचा पत्रा फुटलेला असेल, त्यातून पाणी स्प्रिंगवर ठिबकत असेल, तर तो पत्रा बदलणे हे साऱ्या देखभालीतले सगळ्यात किफायतशीर काम आहे. तेवढे मात्र घरच्यांनी जरूर पाहावे. शटर खाली असताना, दिवसाउजेडी, जमिनीवरूनच.

मोटार हा उपाय आहे का?

शेवटचा आक्षेप असा की हा सगळा खटाटोप कशाला, मोटार बसवली की बटण दाबून शटर वर जाईल. बारा चौरस मीटरच्या वरच्या शटरला हाताचे बळ पुरत नाही, तिथे गिअर किंवा मोटार लागतेच. पण सात चौरस मीटरच्या बिघडलेल्या शटरला मोटार लावणे म्हणजे चढ तसाच ठेवून जोरदार बैल जुंपणे. पाईपच्या मध्यावर बसणारी मोटार स्प्रिंगांच्या मदतीनेच चालते. स्प्रिंग थकली असेल तर फरकाचे सगळे वजन मोटार पेलते, तापते आणि एक दिवस बंद पडते. हाताला शटर जड लागले की माणूस थांबतो, विचार करतो. मोटारीला हात नाही. अडसर लावलेला असताना बटण दाबले तर ती पत्रा वाकवते. खाली कोणी असेल तर आपणहून थांबत नाही. अमेरिकेत घरगुती गॅरेजच्या मोटारींना १९९३ पासून खाली अडथळा दिसताच दार उलटे फिरवणारा किरण किंवा तसेच दुसरे साधन सक्तीचे झाले, ते याच भीतीने. आपल्याकडे असा किरण मागून घ्यावा लागतो. शिवाय पावसाळ्यात झाडे तारांवर पडतात, घाटातल्या गावांत वीज तासन्‌तास जाते. मोटार बसवायचीच असेल तर आधी शटर हाताने एका बोटावर चालेल असे तोलून घ्यावे, वीज नसताना हाताने उघडायची सोय आहे ना ते पाहावे, आणि महिन्यातून एकदा तसे हाताने चालवून पाहावे.

घाट बंद असताना

पावसात अणशी घाटात दरडी कोसळतात आणि रस्ता बंद होतो. कारवारचा किंवा दांडेलीचा शटरवाला त्या दिवशी येऊ शकत नाही. स्प्रिंग तुटली आणि शटर खाली बंद असेल तर तसेच राहू द्यावे, त्यावर खडूने ‘उघडू नये’ असे लिहून ठेवावे, म्हणजे न कळता कोणी ते उचलायला जाणार नाही. शटर वर असताना स्प्रिंग तुटली तर ते ओढून खाली आणायचा मोह टाळावा. दोन्ही चॅनेलांमध्ये तळपट्टीच्या खाली, जमिनीपासून पोचतील असे दोन जाड वासे टेकू म्हणून उभे करावेत आणि त्या दाराने जाणे-येणे बंद ठेवावे. गाडी आत अडकली तर अडकू द्यावी.

रस्ता खुला होईपर्यंत एक काम घरबसल्या होते, ते म्हणजे फोनवर नीट माहिती देणे. ‘शटर जड झालेय’ एवढ्यावर शटरवाल्याला काही कळत नाही. तो येतो, पाहतो, स्प्रिंग आणायला परत जातो आणि दुसरा दिवस मोडतो. त्याला शटरची रुंदी आणि उंची सांगावी. स्प्रिंग तुटलेली नसेल आणि परीक्षा केली असेल तर वर न्यायला किती लागते आणि खाली आणायला किती हे सांगावे, तिरके चालते का ते सांगावे, आवाज आला होता का आणि केव्हा ते सांगावे. वरच्या खोक्याचा जमिनीवरून काढलेला फोटो पाठवावा. पाईपवर पुल्या किती आहेत ते मोजता येत असेल तर तेही कळवावे, कारण नव्या स्प्रिंगा किती आणायच्या हे त्यावरून ठरते.